टोकांतलं लाकूड

बाण किती लांब पडला, यावरून धनुष्य जोखण्याची रीत फार जुनी. 1923 साली सॅक्सटन पोप या अमेरिकन सर्जननं धनुष्यांचा अभ्यास छापला, तेव्हाही हीच रीत होती. नाना देशांची धनुष्यं ओढायची, बाण सोडायचे आणि यार्ड मोजायचे. पोपना हा नाद लावला इशीनं. ‘याही’ नावाच्या जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला लोकांसमोर आला आणि 1916 मध्ये क्षयानं गेला. जुनिपरचं लाकूड कसं तासायचं, त्याच्या पाठीवर जनावराच्या कंडरांचे तंतू कसे चिकटवायचे, हे त्यानं पोपना करून दाखवलं. पोपनी ते लिहून ठेवलं नसतं तर ती विद्या इशीबरोबरच संपली असती.

पण अंतरावरून वेगाचं कोडं सुटत नाही. त्यात वारा येतो, कोन येतो, बाणाची पिसंही येतात. क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञानं ते कोडं 1920 च्या दशकाअखेरीस हाती घेतलं. अंदाज बाजूला ठेवून त्यांनी वेग आणि त्वरण यांचं गणित मांडलं. इंग्लंडचं जाड, दोरीच्या बाजूनं गोलसर धनुष्य तोवर आदर्श मानलं जाई. हिकमन आणि त्यांच्या सोबत्यांच्या कामातून मुठीच्या दोन्ही बाजूंना रुंद, चपट्या भुजा असलेलं धनुष्य पुढे आलं.

1943 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी यातलं मर्म फार सोपं करून सांगितलं. ओढताना लाकडात साठलेली सगळी शक्ती बाणाला मिळत नाही, कारण भुजांनाही पुढे झेपावायचं असतं. म्हणून असं धरा, की दोरीवर बाणासोबत एक न दिसणारं वजनही बसलेलं आहे. एका धनुष्यापुरतं ते जवळपास कायम राहतं. बाण हलका असो की जड, त्या वजनाचा वाटा द्यावाच लागतो. मुठीजवळचं लाकूड जेमतेम हलतं, टोकं मात्र सर्वांत लांब आणि सर्वांत वेगानं धावतात. त्यामुळे वेग खाणारं लाकूड असतं ते टोकांतलं.

लगेच पुढच्या वर्षी, 1944 मध्ये, डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीतून सुमारे 9000 वर्षांपूर्वीची धनुष्यं निघाली. एल्मच्या लाकडाची, अरुंद मुठीची, रुंद चपट्या भुजांची, टोकांकडे निमुळती होत गेलेली. गणितानं जे नुकतंच गाठलं होतं, ते मध्याश्मयुगातल्या हातांनी केव्हाच केलेलं होतं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त हलवून जातं ते हेच.

मग फायबरग्लास आलं आणि निव्वळ लाकडाचं धनुष्य मागे पडलं. 1992 मध्ये धनुष्य बनवण्यावरच्या ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’चा पहिला खंड आला आणि ते पुन्हा जोमानं उभं राहिलं. एव्हाना वेगमापक यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आलं होतं. 28 इंच ओढायचं आणि ओढीच्या दर पौंडाला 10 ग्रेन वजनाचा बाण लावायचा, अशी तुलनेची रीत पडली. ओढीच्या आकड्यात 100 मिळवले की चांगल्या लाकडी धनुष्याचा सेकंदाचा वेग फुटांत मिळतो, हा कारागिरांचा ढोबळ हिशेब. म्हणजे 50 पौंडांच्या धनुष्याला 150 फूट, तासाला सुमारे 165 किलोमीटर. वेगवान गोलंदाज शोएब अख्तरचा 2003 मधला विक्रमी चेंडू 161.3 किलोमीटरचा होता.

हा वेग घाईनंही कमी होतो. लाकूड पुरतं सुकण्याआधी ओढलं, की दोरीकडची बाजू दबते. मग दोरी काढली तरी बाक राहतो आणि त्या बाकात गेलेला वेग परत येत नाही.

मी बांबूचा कामठा करतो. शेवटचा वीतभर भाग काचेच्या तुकड्यानं खरवडत बसतो, तेव्हा मांडीवर पिठासारखा भुगा पडतो. मुठीमुठीनं नाही, चिमटीचिमटीनं. ओढ तितकीच लागते. पण पुन्हा दोरी चढवून बाण सोडला, की डाव्या मुठीला आधी बसणारा हिसका कमी झालेला असतो.