घेवड्याच्या उसळीतून गार भात-कोशिंबीर
(ऊस विकास विभागाकडून)

पूर्वहंगामी उसात घेवड्याचे आंतरपीक घ्या, असे आम्ही गटसभांतून सांगत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागणीबरोबर टोकलेला घेवडा पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत निघतो आणि मोठ्या बांधणीच्या आत रान मोकळे होते. मात्र इतर कडधान्यांसारखा हा आपल्या मुळांवरच्या गाठींतून स्वतःची नत्राची गरज भागवत नाही, म्हणून त्याला वेगळा नत्र द्यावा लागतो. असो. आज बोलायचे आहे ते घरात ठेवलेल्या घेवड्याविषयी. पुष्कळ घरांत सगळा माल बाजारात जातो आणि घरी मात्र विकतची डाळ येते, हे काही बरे नाही.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. दाण्यावर लालसर पट्टे असतात म्हणून वाघ्या. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याची झणझणीत उसळ भाकरीशी किंवा भाताशी तोंडी लावायला आपण खातोच. पण एप्रिल-मे महिन्यांत गरम रस्सा नकोसा होतो. अशा वेळी तीच उसळ रस्सा न ठेवता भातात कालवून गार करावी. जेवण हलके होते आणि सकसही राहते. तांदळात जे प्रथिनद्रव्य कमी पडते ते कडधान्यात असते आणि कडधान्यातली उणीव तांदूळ भरून काढतो.

एक वाटी घेवडा रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावा. सकाळी ते पाणी ओतून द्यावे. त्यात शिजवू नये. कच्च्या घेवड्यात लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते खळखळ उकळीनेच मरते. नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे जोराची उकळी आलीच पाहिजे, त्यानंतर दाणा बोटाने दाबला तर लोण्यासारखा मोडेपर्यंत शिजू द्यावा. कुकर असेल तर काळजी नाही. चुलीच्या निखाऱ्यावर मंद आचेवर तासन् तास ठेवलेला घेवडा मऊ झाला तरी धोक्याचा असू शकतो, कारण कमी उष्णतेने हे विष जात नाही. अर्धकच्चे चार-पाच दाणेही दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब लावतात. घरात लहान मुले असतील तर हे विसरू नका.

चिंच, लिंबू, गूळ हे सगळे घेवडा शिजल्यावरच घालायचे. आधी घातले तर दाणा टणक राहतो आणि मग दोष घेवड्याला दिला जातो! शिजलेला घेवडा निथळून घ्यावा आणि गरम असतानाच मीठ व लिंबाचा रस चोळावा. गरम दाणा चव आत ओढून घेतो. नेहमीच्या उसळीतला कांदा-लसूण मसाला निम्मा घ्यावा. फोडणी तेलाचीच द्यावी, तूप किंवा डालडा गारठून तोंडाला चिकटतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता पुरे. ओले खोबरे लवकर आंबते, ते टाळावे.

भातासाठी कोलमसारखा सुटा होणारा तांदूळ घ्या. इंद्रायणी ताटात वाफाळताना छान, पण गार झाल्यावर त्याचा गोळा होतो. एक वाटी तांदळाचा भात मोकळा शिजवून लगेच परातीत पसरावा.

आता मुख्य गोष्ट. भात शिजला म्हणजे त्यातले सगळे जंतू मेले असे नाही. एका जातीच्या जंतूंची बीजे उकळीतही टिकतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून रात्रीचा भात पातेल्यात तसाच ठेवून सकाळी फोडणीचा करणे, ही घरोघरची सवय उन्हाळ्यात अंगाशी येऊ शकते. पसरलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे. घेवड्यालाही हाच नियम.

दोन्ही गार झाले की एकत्र कालवावे. बारीक कांदा, बिया काढलेली काकडी, हिरवी मिरची, कोथिंबीर घालावी. गार पदार्थाला चव कमी लागते, तेव्हा मीठ-लिंबू थोडे चढते ठेवावे. साखर मात्र चिमूटभरच, कारखान्याचे सभासद असलो तरी! शेंगदाण्याचे कूट आणि टोमॅटो पानात वाढताना घालावेत. फ्रीजमधून काढल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे भाताचा कडकपणा थोडा जातो. एवढ्यात चार-पाच माणसांचे होते.

रानात डबा न्यायचा असेल तर आमचे मत भाकरी-चटणीच्या बाजूचे आहे. मे महिन्याच्या उन्हात बांधावर ठेवलेला हा भात दुपारपर्यंत टिकत नाही. न्यायचाच झाला तर गोठवलेल्या पाण्याची बाटली डब्याला चिकटून ठेवावी, दोन तासांच्या आत खावा आणि उरलेला घरी परत न आणता टाकून द्यावा.