जहाजे गेली, पाणी राहिले

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, नायगारा धबधब्यापासून मोटारीने अर्ध्या तासावर वेलंड नावाचे शहर आहे. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच म्हणा ना. ऑगस्ट २०१५ मध्ये या शहराने ड्रॅगन बोटींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. त्याआधी हा मान हाँगकाँग, बर्लिन, सिडनी, प्राग अशा शहरांना मिळाला आहे. त्यांच्या पंक्तीला वेलंड कसे जाऊन बसले, हा प्रश्न मला कालव्यांच्या नादामुळे पडला.

मी अभियंता नाही. पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या काठाने लहानपणापासून शाळेत गेलो, नोकरीला गेलो, आणि त्यातून कालव्यांविषयी मिळेल ते वाचण्याची सवय लागली. भाचा वेलंडच्या नायगारा कॉलेजात शिकायला होता, म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यात तिकडे जाणे झाले. धबधबा एका दिवसात पाहून झाला. उरलेले दिवस मी कालव्याच्या काठी काढले. बहीण अजूनही त्यावरून चेष्टा करते.

आधी नौकेविषयी. चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी दक्षिण चीनमध्ये या शर्यती होतात. मिलुओ नदीत देह टाकलेल्या छ्यू युआन या कवीशी लोकपरंपरा त्यांचे नाते जोडते. २००९ मध्ये युनेस्कोने या सणाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. आधुनिक खेळ म्हणून मात्र त्याचा जन्म १९७६ सालचा, हाँगकाँगमधला. तिथल्या पर्यटन संस्थेने स्थानिक कोळ्यांच्या संघांबरोबर जपानच्या नागासाकीचा एक संघ बोलावला आणि सणाची शर्यत आंतरराष्ट्रीय झाली. १९९१ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला आणि १९९५ मध्ये चीनच्या युएयांग शहरात पहिली जागतिक स्पर्धा भरली. कॅनडात हा खेळ रुजला तो १९८६ च्या व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनामुळे. त्या निमित्ताने हाँगकाँगहून सागवानी नौका तिथे आल्या आणि तिथेच राहिल्या.

प्रमाणित नौका सुमारे साडेबारा मीटर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद असते. जोडीजोडीने बसलेले वीस वल्हेकरी, पुढे त्यांच्याकडे तोंड करून बसलेला ढोलवाला आणि मागे उभा सुकाणूवाला, अशी बावीस माणसे. केरळच्या वल्लमकळीत शंभरावर माणसे असलेली सर्पनौका ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही नौका लहान वाटेल. पण इथे प्रत्येक संघाला सारख्याच नौका मिळतात. त्या यजमानाने पुरवायच्या असतात. खेळाडू आपले वल्हे तेवढे घेऊन येतात. नौका सारखी झाली की उरतात माणसे आणि पाणी. माणसे संघांची. पाण्याची जबाबदारी यजमानाची.

यजमानपदाचा हिशेब करताना आपण उद्घाटनाचा सोहळा, रोषणाई, पाहुण्यांची सोय एवढेच पाहतो. वल्हेकऱ्याला विचारले तर तो आधी पाण्याविषयी बोलेल. त्याचे कारण साध्या गणिताने समजते. चांगला संघ ५०० मीटर अंतर साधारण दोन मिनिटांत कापतो, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडा अधिक वेग. आता समजा, शर्यत वाहत्या नदीत आहे आणि मधल्या मार्गिकेतला प्रवाह काठाजवळच्या प्रवाहापेक्षा सेकंदाला फक्त दहा सेंटिमीटरने जास्त आहे. डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण १२० सेकंदांत त्याचे १२ मीटर होतात, म्हणजे जवळजवळ अख्खी एक नौका. जागतिक स्पर्धेतले निकाल याहून कितीतरी कमी अंतराने लागतात.

खोलीचेही तसेच. उथळ पाण्यावर लाट किती वेगाने धावू शकते याला मर्यादा असते, आणि ती खोलीवर ठरते. दोन मीटर खोल पाण्यात ही मर्यादा सेकंदाला सुमारे ४.४ मीटर येते. म्हणजे बरोबर ड्रॅगन बोटीच्या शर्यतीचा वेग! अशा ठिकाणी नौका स्वतःच उठवलेल्या लाटेला मागे टाकू शकत नाही. जणू चढावर चढत राहते. वल्हेकरी म्हणतात, पाणी जड झाले. आठ मीटर खोलीला हीच मर्यादा सेकंदाला जवळजवळ नऊ मीटरवर जाते आणि तळाचा त्रास संपतो. एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला खोल असा तलाव असेल, तर चिठ्ठीत कोणती मार्गिका निघाली यावर पदक ठरू लागते.

म्हणजे चांगल्या यजमानाला संथ, खोल, सरळ आणि वाऱ्यापासून आडोसा असलेले पाणी हवे. असे पाणी निसर्गात क्वचित मिळते. वेलंडला ते मिळाले, आणि तेही एका नुकसानीतून.

एरी सरोवर ऑन्टारिओ सरोवरापेक्षा सुमारे १०० मीटर उंचावर आहे. मध्ये नायगारा धबधबा असल्याने जहाजांना नदीतून जाता येत नाही, म्हणून १८२९ मध्ये पहिला वेलंड कालवा सुरू झाला. आजचा कालवा चौथा, १९३२ चा. त्यात आठ लॉक आहेत. जहाज लॉकमध्ये शिरते, दारे बंद होतात, पाणी भरून ते वर उचलले जाते किंवा पाणी सोडून खाली उतरवले जाते. सातवा लॉक थोरोल्डला आणि आठवा पोर्ट कोलबोर्नला. या दोहोंमधला लांबलचक पट्टा एकाच पातळीत आहे आणि वेलंड शहर त्याच पट्ट्यावर वसले आहे. त्यामुळे इथले पाणी पहिल्यापासून संथ, आणि जहाजांसाठी खोदलेले असल्याने सात-आठ मीटर खोल.

पूर्वी हा कालवा शहराच्या मधोमध जात असे. जहाज आले की पूल उचलला जाई आणि दोन्ही काठांवर गाड्या, सायकली, शाळेची मुले खोळंबून राहत. आपल्याकडे रेल्वेचे फाटक पडल्यावर होते तसेच. जहाजे मोठी आणि जास्त होत गेली तसे शहरालाही अवघड झाले आणि जहाजांनाही. अखेर १९६७ मध्ये शहराच्या पूर्वेकडून १३ किलोमीटरहून थोडा लांब नवा कालवा खोदायला घेतला. तो १९७३ मध्ये खुला झाला. रस्ते आणि रेल्वे त्याच्याखालून दोन बोगद्यांनी नेले. पुलांची कटकट संपली. मात्र ज्या जहाजांसाठी गाव वाढले होते, ती गावातून जायची थांबली. शहराच्या पोटात कित्येक किलोमीटर लांब, खोल, रिकामे पाणी उरले.

कारखानेही राहिले नाहीत. कॅनडातले पहिले स्टेनलेस स्टील १९२८ मध्ये याच गावच्या ॲटलास स्टील्समध्ये तयार झाले होते. तो कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. जॉन डिअरने इथला शेती अवजारांचा कारखाना बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २००८ मध्ये केली आणि पुढच्या वर्षाअखेर सुमारे आठशे जणांचे काम गेले. गिरण्या बंद होताना पाहिलेल्या गिरणगावच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

या रिकाम्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न शहरासमोर बराच काळ होता. भराव टाकून जमीन विकणे हा कुठेही सहज सुचणारा मार्ग. वेलंडने तसे केले नाही. शहराचे पिण्याचे पाणी याच जुन्या कालव्यातून घेतले जाते, हेही भराव न पडण्याचे एक कारण असावे असे मला वाटते. काठांवर पायवाटा झाल्या आणि दक्षिणेकडच्या सरळ भागात वल्हवण्याच्या शर्यतींची मार्गिका आखली गेली. कनू-कयाकच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नऊ मार्गिका लागतात, प्रत्येक नऊ मीटर रुंद. २०१३ मध्ये कनू-कयाकची कनिष्ठ आणि २३ वर्षांखालील गटांची जागतिक स्पर्धा इथे झाली. जुलै २०१५ मध्ये टोरांटोच्या पॅन अमेरिकन खेळांतल्या याच शर्यती इथे झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात ड्रॅगन बोटी आल्या.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मोठ्या स्पर्धेसाठी घाईने उभारलेले केंद्र स्पर्धा संपताच ओस पडते, याची उदाहरणे जगभर आहेत. वेलंडमध्ये पाणी आधीपासून होते. आधी लहान स्पर्धा झाली, मग मोठी. पंच, स्वयंसेवक, सुरक्षा-नौका चालवणारे यांचा हात बसलेला होता.

हात बसण्याचे मोल या खेळात फार. सहा नौकांची एक शर्यत धरली, तर १३२ माणसे पाण्यात असतात. त्याच वेळी पुढची १३२ धक्क्यावर चढायच्या बेतात आणि आधीची १३२ उतरत असतात. म्हणजे चारशे भिजलेली, दमलेली किंवा धडधडत्या छातीची माणसे एकाच धक्क्याभोवती. त्यात तरुणच असतात असे नाही. चाळिशी आणि पन्नाशी पार केलेल्यांचे वेगळे गट असतात. १९९६ मध्ये व्हँकुव्हरचे डॉक्टर डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांना या नौकेत बसवले, आणि अशा रुग्णांनी हाताला कष्ट देऊ नयेत हा तेव्हाचा समज चुकीचा ठरवला. तेव्हापासून अशा स्त्रियांचे संघ जगभर आहेत. इतक्या तऱ्हेच्या माणसांना वेळेवर चढवायचे-उतरवायचे, तर धक्का लांब हवा, काठ मजबूत हवा. जहाजांसाठी बांधलेल्या कालव्याला हे दोन्ही असते.

हाँगकाँगने २०१२ मध्ये क्लब संघांची जागतिक स्पर्धा व्हिक्टोरिया बंदरात घेतली. मागे गगनचुंबी इमारती, काठावर गर्दी. छायाचित्राला त्यासारखे स्थळ नाही. पण ते वर्दळीचे बंदर आहे आणि फेरीबोटींच्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात. अमेरिकेतल्या सारासोटाने २०२२ मध्ये क्लब स्पर्धा घेतली ती महामार्गाच्या भरावासाठी माती काढून झालेल्या खड्ड्याच्या तलावात. माझे मत विचाराल तर पाहायला हाँगकाँगला जावे. पण भांडण न होता निकाल लागायला हवा असेल तर वेलंड किंवा सारासोटाच बरे. टाकून दिलेल्या खोदकामांनी या खेळाची मोठी सोय केली आहे, हे विशेषच.

तर वेलंड कसे यजमान ठरले? वल्हेकऱ्यांच्या हिशेबाने उत्तम. गावकऱ्यांच्या हिशेबाने उत्तर इतके सरळ नाही. वेलंडमध्ये मोठी हॉटेले नाहीत. ती सगळी नायगारा धबधब्यापाशी, आणि ऑगस्ट हा तिथला भर हंगाम. पाहुणा दिवसभर वेलंडच्या पाण्यावर असेल, पण रात्रीची खोली आणि जेवण यांचे पैसे शेजारच्या गावात मोजेल. आठशे पगारांची जागा आठवडाभराची स्पर्धा घेऊ शकत नाही, आणि तशी आशा दाखवणाऱ्या पुढाऱ्यांवर, ते कुठल्याही देशातले असोत, माझा विश्वास नाही. शहराच्या हाती जे राहिले ते वेगळे आहे. मार्गिका वापरात राहिली. २०२२ च्या कॅनडा समर गेम्समधल्या कनू-कयाकच्या शर्यतीही इथेच झाल्या.

पुण्यात खडकवासला ते फुरसुंगी बोगदा काढून मुठा कालव्याचे पाणी जमिनीखालून नेण्याची योजना आहे. ती पुरी झाली की शहरातून जाणारी कालव्याची लांब पट्टी मोकळी होईल. ती उथळ आणि अरुंद. तिच्यात नौकांची शर्यत कुणी घेणार नाही. पण त्या जागेविषयीच्या चर्चेत मला एकच शब्द वारंवार ऐकू येतो, रस्ता. सप्टेंबर २०१८ मध्ये हाच कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरले होते. त्या घरांतल्या माणसांना या पट्टीचे काय व्हावे असे वाटते, हे कुणीतरी विचारायला हवे.

वेलंडच्या मुख्य रस्त्यावर कालव्याचा तेरा नंबरचा पूल अजून उभा आहे. १९३० चा, दोन उंच मनोऱ्यांमध्ये उचलला जाणारा. उचलण्यासाठी लागणारी प्रतिवजने काढून टाकली आहेत, त्यामुळे तो आता उचलला जात नाही. मी गेलो त्या संध्याकाळी पुलाखालून मुलांची एक नौका चालली होती. ढोल वाजवणारी मुलगी ताल चुकत होती आणि मागचा प्रशिक्षक तिला मोठमोठ्याने आकडे मोजून दाखवत होता. वर पुलावरून गाड्या न थांबता जात होत्या.