गाण्याची वाट (भाग ५) : तबकडीच्या मापाचं गाणं

मागच्या आठवड्यात आपण नाट्यपदांपाशी थांबलो होतो. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्या काळात बालगंधर्वांचं पद किती वेळ चालायचं, ते प्रेक्षक ठरवत. ‘वन्समोअर’ आला की तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा. नाटक पहाटेपर्यंत लांबलं तरी कुणाची कुरकुर नसे. शब्द निसटले तरी सूर लागला की पैसे वसूल.

या ऐसपैस गाण्याला आवर घातला तो काळ्या तबकडीने. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. बालगंधर्वांच्या पदांनाही तिथे अंग चोरूनच बसावं लागलं. आलापाला जागा नाही, तानांची उधळण परवडत नाही. हाती राहतो मुखडा, दोन-तीन कडवी आणि त्यांतला अर्थ. त्यातच १९२५ नंतर ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला. भोंग्यापुढे उभं राहून जोर लावून गाण्याची गरज संपली. आवाज पल्लेदार नसला तरी चालू लागलं. कानाशी बोलल्यासारखं हळुवार गाता येऊ लागलं.

भावगीत रुजलं ते या जमिनीत. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली. गंमत म्हणजे जोशीही वकिलीच शिकलेले. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्या गाण्याची तबकडी निघाली आणि गाजली. पुढे गजाननराव वाटव्यांनी गणेशोत्सवाच्या मांडवांत कविता गाऊन हे वेड वाढवलं. नाटकातलं पद रुक्मिणीचं किंवा कृष्णाचं असे. भावगीतातल्या ‘मी’ला नावगाव नव्हतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो आपलासा वाटला. मराठी गाण्याच्या शब्दांत झालेला हा मोठा बदल.

माप लहान तर गाणं आखूड; याचा उलटा दाखला गीतरामायणाचा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे गदिमांची ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या चालींत प्रसारित झाली. रेडिओला तबकडीची अट नव्हती. कथा सांगायला लागतील तेवढी कडवी गदिमा लिहू शकले. काही गीतांत ती आठ-दहांवर गेली. भांडं मोठं झालं, तसं गाणंही सैलावलं.

रीलच्या अर्ध्या मिनिटासाठी आज गाणी कापली जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : ज्या जुन्या भावगीतांना आपण निवांत म्हणतो, तीही कापून बेतलेलीच होती.

पुढच्या आठवड्यात कॅसेट. ती स्वस्त झाली आणि कोळीगीतं, भीमगीतं गल्लोगल्ली कशी पोचली, ते पाहू. तोवर घरात एखादी जुनी तबकडी असेल तर घड्याळ लावून ऐका.