श्रवणयंत्राची निवड व जुळवणी

श्रवणयंत्राची निवड व जुळवणी : ऐकण्याची शक्ती कमी झालेल्या व्यक्तीच्या कानापर्यंत ध्वनी पुरेशा तीव्रतेने पोहोचविणाऱ्या विद्युत् उपकरणास श्रवणयंत्र म्हणतात. ध्वनीचे विद्युत् संदेशात रूपांतर करणारा ध्वनिग्राहक, तो संदेश वाढविणारा विवर्धक, त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारा श्रावक आणि विद्युत् घट हे त्याचे मुख्य भाग होत. श्रवणयंत्राची तुलना नेहमी चष्म्याशी केली जाते. परंतु ती काही अंशीच खरी आहे. योग्य चष्मा लावताच बहुधा स्पष्ट दिसू लागते. श्रवणयंत्र मात्र व्यक्तीच्या श्रवणदोषाशी टप्प्याटप्प्याने जुळवून घ्यावे लागते व मेंदूलाही त्या ध्वनीची सवय व्हावी लागते. या जुळवणीसाठी तज्ज्ञाकडे अनेकदा जावे लागत असल्याने यंत्र कोणते घ्यावे या प्रश्नाइतकाच ते कोठे बसवून घ्यावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोठ्या शहरांबाहेर राहणाऱ्यांच्या बाबतीत तर तो अधिकच महत्त्वाचा आहे. या दृष्टीने प्रस्तुत नोंदीत वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील परिस्थितीचा उदाहरणादाखल विचार केला आहे.

विद्युत् श्रवणयंत्रापूर्वी शिंगाच्या आकाराची कर्णनलिका वापरात होती. दूरध्वनीच्या शोधानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलर रीझ हचिसन यांनी कार्बन ध्वनिग्राहकावर चालणारे यंत्र तयार केले. १९२० नंतर निर्वात नलिकांची व १९५२ च्या अखेरीपासून ट्रँझिस्टरची यंत्रे आली आणि खिशात वा कानामागे मावेल इतका त्यांचा आकार लहान झाला. १९९६ मध्ये पूर्णतः अंकीय पद्धतीची यंत्रे बाजारात आली. आजची बहुतेक यंत्रे याच प्रकारची असून संगणकाला जोडून त्यांची मांडणी बदलता येते.

श्रवणदोषाची तपासणी : यंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घेणे आवश्यक असते. कानात साचलेला मळ, पडद्यास पडलेले छिद्र वा मध्यकर्णातील अस्थींचा ताठरपणा यांमुळे ध्वनी आत पोहोचण्यातच अडथळा येतो. अशा संवहनी दोषावर पुष्कळदा औषध वा शस्त्रक्रिया यांचा उपाय होऊ शकतो. अंतर्कर्णातील केशपेशी किंवा श्रवणतंत्रिका यांच्या हानीमुळे उद्‌भवणारा दोष सामान्यतः भरून येत नाही. श्रवणयंत्राचा मुख्य उपयोग याच रुग्णांना होतो. कान वाहणे, भोवळ येणे किंवा एकाच कानाने कमी ऐकू येणे ही लक्षणे असल्यास आधी त्यांचे कारण शोधले पाहिजे. एखाद्या दिवशी अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची अवस्था समजावी. तिच्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा विशेष लाभ होतो. त्या काळात यंत्राची चौकशी करीत बसणे हानिकारक होय.

यानंतर ध्वनिरोधी खोलीत श्रवणमापन केले जाते. २५० ते ८,००० हर्ट्‌झपर्यंतच्या निरनिराळ्या कंप्रतांचा ध्वनी किमान किती तीव्रतेस ऐकू येतो, हे दर्शविणाऱ्या आलेखास श्रवणालेख म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अधिक चांगल्या कानातील २० ते ३५ डेसिबेलपर्यंतची हानी सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र व त्यापुढील हानी अतितीव्र मानली जाते. परंतु सरासरीच्या या एका आकड्यापेक्षा आलेखाचा उतार अधिक बोलका असतो. वार्धक्यामुळे येणाऱ्या बहिरेपणात उच्च कंप्रतांची हानी अधिक असते. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसारख्या गोंगाटाच्या ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या आलेखात ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खोल खळगा दिसतो. अशा व्यक्तीस आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘सात’, ‘हात’ व ‘वात’ हे शब्द तिला सारखेच वाटतात, कारण स्वर खालच्या कंप्रतांत व व्यंजनांचा बराच भाग वरच्या कंप्रतांत असतो. घरातील माणसे मग मोठ्याने ओरडून बोलतात. त्याने स्वर तेवढे वाढतात. अडचण कायम राहते व रुग्णास मात्र विसराळू किंवा हट्टी ठरविले जाते.

शब्द कितपत ओळखता येतात, हे पाहण्यासाठी वाक्‌श्रवणमापन करतात. त्यात रुग्णाने ऐकलेला शब्द पुन्हा उच्चारावयाचा असतो. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. ‘डोळा’ ऐकूनही रुग्ण ‘डोया’ आणि ‘शाळा’ ऐकूनही ‘शाया’ म्हणतो. बोलीशी अपरिचित असलेला परीक्षक ही उत्तरे चुकीची धरील व रुग्णाची आकलनशक्ती आहे त्याहून कमी नोंदवील. बाब लहान दिसली, तरी बोली जाणणाऱ्या स्थानिक तज्ज्ञाकडे जाण्याचे ते एक सबळ कारण आहे.

यंत्राची निवड : खिशात ठेवावयाचे, कानामागचे, श्रावक कर्णनलिकेत असलेले व संपूर्ण कानात बसणारे असे यंत्रांचे प्रमुख प्रकार आहेत. खिशातील यंत्र स्वस्त व हाताळावयास सोपे असते. मात्र कपड्यांच्या घर्षणाचा आवाज त्यात शिरतो आणि दोन कानांनी ध्वनीची दिशा कळण्याचा लाभ त्यात नीट मिळत नाही. कानात बसणारे लहान यंत्र दिसत नाही म्हणून लोकप्रिय आहे. तीव्र हानीस मात्र ते सहसा अपुरे पडते. शेतकामाने राठ झालेल्या किंवा संधिवाताने आखडलेल्या बोटांना त्याचा इवलासा घट बदलणे जमत नाही. यंत्र दिसू नये या इच्छेपायी झालेल्या खरेदीतील पुष्कळ यंत्रे पुढे कपाटात पडून राहतात. मध्यम व त्यापुढील हानीस कानामागचे यंत्र बहुतेकांना अधिक उपयुक्त ठरते. दोन्ही कान सदोष असल्यास व ऐपत असल्यास दोन यंत्रे घ्यावीत. एकाच भारी किंमतीच्या यंत्रापेक्षा बेताच्या किंमतीची दोन यंत्रे बहुधा अधिक उपयोगी पडतात. कान सतत वाहत असल्यास साचा घालून तो बंद करणे अयोग्य असते. अशा वेळी कवटीच्या अस्थीमार्फत ध्वनी पोहोचविणाऱ्या यंत्राचा विचार करतात.

किंमत काही हजार रुपयांपासून लाखाच्या वर जाते. ती मुख्यतः वाहिन्यांची संख्या, गोंगाट कमी करण्याची व्यवस्था, दिशादर्शी ध्वनिग्राहक, भ्रमणध्वनीशी जोडणी इत्यादींवरून ठरते. आठवडी बाजारात, लग्नात वा सभेत ज्याचा वावर असतो, त्यास यांतील काही सोयी खरोखर उपयोगी पडतात. दिवसभर घरात दोन-तीन माणसांशी बोलणाऱ्या वृद्धास त्यांपैकी बहुतेक सोयींचे काम पडत नाही. तपासणीशिवाय विकली जाणारी साधी ध्वनिवर्धके मात्र टाळावीत. ती सर्व कंप्रता सारख्याच वाढवितात आणि त्यांच्या कमाल ध्वनीवर मर्यादा नसल्यास उरलेल्या श्रवणशक्तीलाही अपाय होऊ शकतो.

हवामानाचाही विचार करावा लागतो. कानामागच्या यंत्रांत वापरला जाणारा जस्त-वायू घट हवेतील ऑक्सिजनावर चालतो. त्यावरील चिकटपट्टी काढल्यावर एखादे मिनिट थांबून तो यंत्रात बसवावा. अकोल्याचे तापमान मे महिन्यात ४५° से. च्या आसपास जाते. त्या कोरड्या हवेत असे घट आतून सुकून लवकर निकामी होतात, तर पावसाळ्यातील दमटपणा व घाम यांमुळे यंत्राच्या नलिकेत पाणी साचते. रात्री यंत्र आर्द्रताशोषक खडे असलेल्या डबीत ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय होय. पुनर्भारण करता येणाऱ्या यंत्रांस घट बदलण्याचा त्रास नसतो. पण ज्या गावी वीज तासन्‌तास जाते तेथे ती घेण्यापूर्वी विचार करावा.

जुळवणी : तज्ज्ञ प्रथम कानाचा ठसा घेऊन त्यावरून कर्णसाचा करवून घेतो. साचा सैल असल्यास ध्वनी बाहेर झिरपून यंत्र शिटी वाजविते, घट्ट असल्यास कान दुखतो. त्यानंतर श्रवणालेखावरून प्रत्येक कंप्रतेस किती वाढ द्यावयाची ते ठरविले जाते. हानी जितकी तितकीच वाढ दिली, तर मोठे आवाज असह्य होतात. म्हणून हानीच्या सु. निम्मी वाढ हा जुना ठोकताळा होता व पुढे त्यावरूनच अधिक अचूक सूत्रे तयार झाली. कर्णनलिकेत बारीक नळी घालून पडद्याजवळील प्रत्यक्ष ध्वनी मोजणे ही जुळवणी पडताळण्याची उत्तम पद्धत होय. ही सोय ज्या चिकित्सालयात आहे ते इतर बाबी समान असता पसंत करावे. पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि स्वतःचा आवाजही कर्कश वाटतो. सुरुवातीस शांत खोलीत रोज थोडा वेळ यंत्र लावून हळूहळू वेळ वाढवावा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तीन-चार वेळा मांडणी बदलून घ्यावी लागते. पुण्या-मुंबईहून नातलगाने आणून दिलेले उत्तम यंत्र याच कारणाने निरुपयोगी ठरते. खरेदीपूर्वी काही दिवस वापरून पाहण्याची मुभा, हमीची मुदत, दुरुस्तीची सोय व पुढील भेटींचा आकार यांची स्पष्ट विचारणा करून पावती घ्यावी. जुळवणी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे की नाही, हेही पाहावे; १९९२ च्या कायद्याने अशी नोंदणी आवश्यक केली आहे.

वऱ्हाडातील सोयी : अमरावतीस इर्विन या नावाने परिचित असलेले जिल्हा सामान्य रुग्णालय व १९८४ मध्ये सुरू झालेले डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे, तर अकोल्यास २००२ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्याकडे कानाच्या तपासणीसाठी जाता येते. दोन्ही शहरांत खासगी श्रवणचिकित्सालयेही आहेत. मुंबईस वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही या विषयातील देशपातळीवरील संस्था असून गुंतागुंतीच्या रुग्णांस तेथे पाठविले जाते.

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या योजनेनुसार अपंग व्यक्तींस उत्पन्नाच्या मर्यादेत साहाय्यक साधने मोफत वा सवलतीने मिळतात. कानपूर येथील अ‍ॅलिम्को हा शासकीय उपक्रम ती पुरवितो. तीसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेल हानी असलेली व्यक्ती श्रवणदुर्बल व ७० डेसिबेल हानी असलेली कर्णबधिर गणली जाते. म्हणजे ज्याची हानी ४५ वा ५० डेसिबेल आहे, ज्यास यंत्राचा लाभ सर्वांत चांगला होतो, तोच या व्याख्येबाहेर राहतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीस एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद केली. त्या रकमेत खिशातील यंत्र येऊ शकते. तपासणी, साचा व जुळवणी यांसह कानामागचे अंकीय यंत्र येणे कठीण आहे. शिबिरातून मिळालेले यंत्रही तसेच न वापरता जवळच्या तज्ज्ञाकडून श्रवणालेखानुसार मांडून घ्यावे.

बालकांच्या बाबतीत विलंब परवडत नाही. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र हा सर्वमान्य दंडक आहे. भाषा शिकण्याचा काळ त्यानंतर वेगाने निघून जातो. ‘मुलगा उशिरा बोलेल’ या समजुतीने घालविलेली दोन वर्षे पुढे भरून काढणे फार अवघड असते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश असून अंगणवाडी व शाळा यांतील तपासणीतून अशी मुले पुढे पाठविली जातात. यंत्राने लाभ न झाल्यास अंतर्कर्णरोपणाचा विचार करतात आणि पाच वर्षांच्या आतील पात्र मुलांसाठी केंद्राच्या वरील योजनेत त्याची तरतूद आहे. मूल वाढते तशी कर्णनलिकाही वाढते, त्यामुळे पहिल्या वर्षात कर्णसाचा दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागतो. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील पालकांस त्यासाठी प्रत्येक वेळी घाट उतरून अमरावतीस यावे लागते. यंत्र देतानाच पुढील साच्यांच्या तारखा व प्रवासाची व्यवस्था ठरवून दिली, तर ते मुलाच्या कानावर टिकण्याची शक्यता बरीच वाढते.