आपले ईमेल स्पॅममध्ये का जातात? मुद्दा पत कमावण्याचा आहे

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खान्देशभरातून अनुयायी जमतात. 1937 साली याच दिवशी बाबासाहेब तिथे मुक्कामी होते. या दिवसाचे निमंत्रण, 14 एप्रिलच्या व्याख्यानमालेची माहिती, शिष्यवृत्तीच्या मुदती, विद्यापीठाच्या सूचना हे सगळे आता आपली मंडळे आणि अभ्यासगट ईमेलनेही पाठवू लागले आहेत. पुणे, मुंबई, सुरतला गेलेल्या आपल्या मुलांचे अर्ज, निकाल, मुलाखतीची पत्रे ईमेलवरच येतात. व्हॉट्सअॅपवरचा निरोप ‘जय भीम’च्या शंभर संदेशांखाली गाडला जातो, म्हणून हा मार्ग योग्यच आहे.

पण पाठवलेला ईमेल आणि पोहोचलेला ईमेल यात फरक असतो. कार्यक्रमाचे निमंत्रण स्पॅममध्ये गेले तर माणूस पुढच्या वर्षी येईल. शिष्यवृत्तीची मुदत सांगणारा ईमेल तिथे गेला, तर विद्यार्थ्याचे वर्ष जाते.

पत म्हणजे काय?

जीमेल, याहू यांसारख्या सेवा प्रत्येक पाठवणाऱ्याची पत मोजतात. पतपेढी कर्ज देताना मागचे व्यवहार बघते, तसेच हे आहे. तुमच्या पत्त्यावरून याआधी किती ईमेल गेले, किती जणांनी उघडले, किती जणांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले, किती पत्ते बंद निघाले, या सगळ्याची नोंद राहते. मजकूर कितीही चांगला असला तरी पत नसेल तर तो इनबॉक्सपर्यंत जात नाही.

‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले तरी छापली नव्हती. 1920 साली ते दार जातीने बंद केले होते. आजचे हे दार वर्तन बघून उघडते आणि त्याचे नियम जाहीर आहेत. म्हणून ते शिकून घेणे आपल्या हातात आहे.

आधी ओळख पटवा

गुगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणात ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला सुमारे 5000 ईमेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना ते पूर्णपणे लागू आहेत. आपली मंडळे एवढे पाठवत नाहीत, तरीही ओळखीचा पुरावा लहान संस्थेलाही द्यावा लागतो. त्यासाठी तीन गोष्टी आहेत.

एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरवरून ईमेल जाऊ शकतो याची यादी. मंडळाच्या लेटरहेडवर सही कोणी करायची, याचा ठराव असतो तसा. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक ईमेलवरचा डिजिटल शिक्का. वाटेत मजकूर बदलला तर तो जुळत नाही. डीमार्क म्हणजे हे दोन्ही जुळले नाही तर ईमेलचे काय करायचे, याची सूचना.

यासाठी संस्थेच्या नावाचे डोमेन लागते. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 500 जणांपर्यंतच पाठवता येते. बाहेरच्या सेवेतून पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता टाकला, तर ओळख जुळत नाही आणि ईमेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. डोमेन घेतले की या तिन्ही नोंदी त्याच्या सेटिंगमध्ये एकदाच टाकायच्या असतात. नंतर स्वतःलाच एक ईमेल पाठवा आणि जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींसमोर ‘पास’ दिसले की ओळखीचे काम झाले.

यादी कुठून आली?

खरी अडचण इथे आहे. परित्राणपाठाच्या कार्यक्रमातले उपस्थितीपत्रक, नोकरी मेळाव्याची नोंदवही, कोणीतरी पाठवलेली एक्सेल फाइल, हे सगळे एकत्र करून यादी बनते. त्या माणसांनी पत्ता दिला होता तो वेगळ्या कामासाठी. न दिलेले घेऊ नये, हे आपण पंचशीलात रोज म्हणतो. ईमेल पत्त्यालाही ते लागू आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्याच कामासाठी माहिती वापरायची.

आपल्या यादीत आणखी एक धोका आहे. त्यातले प्रत्येक नाव म्हणजे एका माणसाची सामाजिक ओळख असते. पुण्यात भाड्याच्या खोलीत किंवा खासगी कंपनीत ही ओळख न सांगता राहणारी आपली मुले-मुली आहेत. तीनशे जणांचे पत्ते ‘सीसी’मध्ये टाकून पाठवलेला एक ईमेल त्या सगळ्यांची नावे एकमेकांसमोर उघडी करतो. पुढे तो कोण कुणाला पाठवेल, यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

म्हणून नोंदवहीत एक रकाना वाढवा: ‘ईमेलवर माहिती हवी? हो / नाही’. ‘हो’ म्हणणाऱ्याला आधी एक खात्रीचा ईमेल पाठवा. त्याने होकार दिला तरच नाव यादीत घ्या. प्रत्येक ईमेलच्या शेवटी नाव कमी करण्याची लिंक ठेवा आणि सांगितल्यावर दोन दिवसांत नाव काढा. नाव काढणारा आपल्यावर उपकारच करतो, कारण लिंक सापडली नाही तर तो स्पॅमचे बटण दाबेल.

गुगलच्या मते तक्रारींचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली असावे आणि 0.3 टक्क्यापर्यंत कधीच जाऊ नये. म्हणजे हजारात एकाच्या आत. तीनशे जणांच्या यादीत एकाने जरी ते बटण दाबले, तरी प्रमाण 0.33 टक्के होते.

बंद पत्ते आणि अचानक गर्दी

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सायबर कॅफेत ईमेल उघडायचा आणि महिन्यात पासवर्ड विसरायचा, हे आपल्याकडे सर्रास घडते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर 2023 पासून बंद करू लागले आहे. अशा पत्त्यांवर गेलेला ईमेल परत येतो आणि आपली पत घसरते. परत आलेला पत्ता त्याच दिवशी यादीतून काढा. वर्षभर एकही ईमेल न उघडणाऱ्याला एकदा विचारा, उत्तर नाही आले तर नाव कमी करा.

दुसरी सवय म्हणजे वर्षभर गप्प राहायचे आणि एप्रिलमध्ये एकदम हजार जणांना पाठवायचे. अशी अचानक वाढ संशयास्पद मानली जाते. नवे डोमेन असेल तर पहिल्या दिवशी नेहमी उत्तर देणाऱ्या पन्नास जणांना पाठवा, मग शंभर, मग दोनशे. पुढे लय ठेवा. आपल्या विहारांत पौर्णिमेला लोक जमतातच. दर पौर्णिमेला एक ईमेल, इतके पुरे.

मजकूर पोस्टरच्या चित्रात अडकवू नका, युनिकोड मराठीत लिहा. विषयाच्या ओळीत काम सांगा: ‘शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख’. लघुकृत लिंक टाळा, पूर्ण पत्ता द्या. जड फाइल जोडू नका.

हे काम मंडळातल्या दोन तरुणांकडे कायमचे सोपवा. एकाने यादी सांभाळावी, दुसऱ्याने पाठवण्याची बाजू. हजार पत्त्यांची उधार यादी असण्यापेक्षा होकार देणारी दोनशे माणसे असली, तर निरोप नक्की पोहोचेल. येत्या पौर्णिमेच्या आधी आपापली यादी उघडा आणि प्रत्येक नावासमोर विचारा: याने आपल्याला हो म्हटले आहे का?

जय भीम.