आप्पांची बाटली

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यांत काचबिंदूची सुरुवात निघाली. डॉक्टरांनी थेंबांच्या आधी लेसर सुचवलं. घरी येताना सारखे आमचे आप्पा आठवत होते; त्यांनाही काचबिंदू होता.

काचबिंदूवरची फॉन ग्रेफे यांची १८५७ ची शस्त्रक्रिया, मग पिलोकार्पिन, १९७८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टिमोलोल, हे सगळं मी पुस्तकात वाचलं. घरात पाहिलं ते लॅटानोप्रोस्ट. त्याला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली; आप्पांना ते २००१ मध्ये लिहून दिलं. रात्री एकच थेंब. अडीच मिलिलिटरची बाटली, उघडेपर्यंत फ्रिजमध्ये. पेन्शनीत ती बसेना, म्हणून आप्पा आम्हाला न सांगता एक दिवसाआड थेंब घालू लागले. काचबिंदू सहसा दुखत नाही, थेंब घालून जास्त दिसूही लागत नाही, त्यामुळे चुकवलेल्या थेंबाची जाणीव होत नाही. तपासणीत डोळ्यांतला दाब वाढलेला दिसे आणि आणखी एक बाटली चिठ्ठीवर चढे. परवडतं का, हे आप्पा जात त्या दवाखान्यात सहा वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तिथल्या टेबलावर औषधांची गुळगुळीत पत्रकं असत, तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत संदर्भ. २००२ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास त्याच काळातला. दाब जास्त असलेले १,६३६ लोक. पाच वर्षांत काचबिंदू होण्याचं प्रमाण थेंबांमुळे ९.५ टक्क्यांवरून ४.४ वर आलं. मोलाचं काम. पण मूळ लेख वाचायला गेलो तर पैसे डॉलरमध्ये मागितले.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या संशोधकांचा लेख आला, सर्वांना मोफत वाचता येणारा. ७१८ रुग्ण. आधी लेसर केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज लागली नव्हती. या मंडळींनी खर्चही मोजला होता, आणि तोही लेसरच्या बाजूने निघाला. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने उघड्या कोनाच्या काचबिंदूत आधी लेसर सुचवावं, असं सांगितलं.

हा पुरावा आप्पांच्या वेळी नव्हता. त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. पण आप्पांची अडचण विचारायला कुठल्याही अभ्यासाची वाट पाहावी लागत नव्हती. त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर २००६ मध्ये गेली.

नेत्रतज्ज्ञांना माझी एकच विनंती आहे. दाब वाढलेला दिसला की चिठ्ठीवर दुसरं औषध लिहिण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, एक बाटली किती दिवस पुरवता?