सायकलवरून द्राक्षांच्या मुलुखांत

जेथें वाइन तयार होते त्या मुलुखाविषयीं एका जुन्या शाळामास्तरानें बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. म्हणून आरंभींच सांगतों कीं, मला व्यसन आहे तें सायकलचें. तिच्याच पायीं मी नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षांच्या गांवांतून हिंडूं लागलों, आणि मोटारींतून जें कधींहि दिसलें नसतें तें तेथें पाहिलें.

जानेवारींतली गोष्ट. निफाडच्या अलीकडे पहांटे एका बागेंतून धूर निघतांना दिसला. आग लागली असें समजून मी घंटा वाजवीत बांधावर गेलों. पाहतों तों ओळींच्या मधून मधून शेकोट्या पेटविलेल्या, आणि घरचीं लहानथोर माणसें त्या राखीत बसलेलीं! म्हातारे घरधनी म्हणाले, "बाबा, आग लागली न्हाई, आम्हीच लावलीय. आजची रात निभली तर वरीस निभलं."

मग त्यांनीं कारण समजाविलें. कडाक्याच्या थंडीनें मण्यांची वाढ थांबते व त्यांस तडे जातात. शेकोट्यांच्या उबेनें व धुरानें बागेंतला गारठा थोडा कमी होतो. विहिरीचें पाणी पहांटेच्या हवेहून उबदार असतें, म्हणून तेंहि त्याच वेळीं मुळांशीं सोडतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी वर्षाची मेहनत एका रात्रीवर टांगलेली असते. बाजारांत द्राक्षांचा भाव ऐकून नाक मुरडणारा मी त्या दिवशीं मनांतून खजील झालों.

आतां वाइनविषयीं. तिचीं द्राक्षें खावयाच्या द्राक्षांहून निराळीं. मणी लहान, साल जाड, आंत बिया. किण्व रसांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करतें. रंग सालींत असतो, म्हणून तांबड्या वाइनसाठीं रस सालींसकट आंबवितात. पांढरीसाठीं साली आधींच वेगळ्या काढतात. हें सारें पाहावयाचें तर जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम उत्तम. निफाड तालुक्यांतच विंचूर येथें वाइन पार्क वसविलेलें आहे.

जाऊं इच्छिणारांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. उजाडतांच निघावें व ऊन चढण्यापूर्वीं बरीचशी वाट संपवावी. बाभळीचे कांटे चाकास सोडीत नाहींत. पंप व ठिगळें जवळ असावींत. बागेंत विचारल्यावांचून शिरूं नये आणि घड तोडून तोंडांत टाकूं नये, कारण त्यावर औषधाची फवारणी झालेली असते. आधीं नांदूर मध्यमेश्वर गांठावें. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हें पाणथळ रामसर यादींत आलेलें महाराष्ट्रांतील पहिलें ठिकाण. हिंवाळ्यांत तेथें दूरदेशींचे पक्षी उतरतात. वाइनचा कारखाना मात्र शेवटीं ठेवावा, आणि तोहि आधीं विचारून. चव घ्यावयाची असेल त्यानें त्या दिवशीं मुक्काम तेथेंच करावा. एका पेल्यानेंहि तोल व अंदाज चुकतो, आणि त्या हंगामांत वळणावळणावर द्राक्षांनीं भरलेले ट्रॅक्टर समोर येतात.

पुढील हिंवाळ्यांत पहांटे गारठ्यानें जाग आली, तर पांघरूण ओढून घेतांना क्षणभर त्या शेकोट्यांची आठवण करावी. आणि पायांत बळ असेल, तर सायकल बाहेर काढावी.